माझं डोकं, गावाचा पुरावा

त्या वर्षी माझ्या डोक्याला ज्याचे त्याचे हात लागले. तंबाखू मळलेले, कोलंबी सोलून लुगड्याला पुसलेले, चुना लागलेले. न विचारता टोपी उचलायची, मान वाकवायची, अंगठ्यानं ती गुळगुळीत जागा दाबून बघायची आणि मग तोच अंगठा स्वतःच्या धोतराला पुसायचा. दाबणं मी सोसलं. ते पुसणं मला कधीच सोसलं नाही.

आमचं गाव बोनकोडे. आज त्याला इमारतींनी चहूकडून वेढलंय आणि सगळ्याला मिळून नवी मुंबई म्हणतात. तेव्हा गावाच्या एका अंगाला भातशेती होती आणि दुसऱ्या अंगाला खाडी. माझे वडील मिठागरावर राबले आणि मी शाळेत असतानाच, पन्नासच्या दशकात, गेले. आईनं शेतावर आणि खाडीतल्या मासळीवर मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला वाढवलं, मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. साठ सालानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहायला लागले. रबाळ्याला कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना आला आणि त्याच्या गोदामात मला कारकुनाची नोकरी लागली. किती पिंपं आली, किती गेली, एवढं लिहायचं. पगारी माणूस म्हणून गावात माझं वजन वाढलं. लग्न झालं. बायको कामोठ्याची, बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. एका रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात कानामागे थांबला.

"इथं काय झालंय?"

"कुठं?"

तिनं माझं बोट धरून तिथं नेलं. बंद्या रुपयाएवढ्या जागेत एकही केस नव्हता. खाज नाही, दुखणं नाही, खपली नाही. उकडून सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. माझंच बोट, माझंच डोकं, पण दुसऱ्याच कुणाच्या अंगाला हात लागल्यासारखं वाटलं आणि मी हात झटकन मागे घेतला.

आईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "चाई हाय ही. किडा लागलाय. रातचा केस खातो तो."

"आये, किडा असता तर दिसला नसता?"

"दिसत नाय म्हनून तर केस खातो."

त्या दिवसापासून आईनं माझ्या डोक्याचा ताबा घेतला. आधी खरवतीचं पान, सुतार लाकूड घासून गुळगुळीत करतात ते. त्यानं ती जागा रक्त फुटेस्तोवर घासायची, म्हणजे किडा वर येतो म्हणे. मग त्यावर लसूण वाटून. मग गावातल्या वैद्यांनी सांगितलं म्हणून बोकडाचं पित्त. खाटकाकडून ती हिरवी पिशवी आई पदराखाली लपवून आणायची आणि माझ्या डोक्यावर फोडायची. ते कानामागून ओघळून मानेवर यायचं, गार आणि चिकट. एकदा ओठाला लागलं. त्याची कडू चव संध्याकाळपर्यंत जाईना. चहा प्यालो तरी चहाच कडू.

सगळ्यात वाईट होतं मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल. मुशीचं काळीज उन्हात मडक्यात कुजत ठेवलं की त्याचं तेल सुटतं. ते खाडीकाठचे लोक होड्यांना लावायचे, लाकूड टिकावं म्हणून. होडीचं लाकूड टिकतं तर केस का टिकणार नाहीत, असा आईचा हिशेब असावा. ते तेल लावून मी रबाळ्याला कामावर जायचो. रस्त्यानं माशा माझ्याबरोबर चालायच्या. घरी उशी, पांघरूण, बायकोचं लुगडं, सगळ्याला तो वास. एक दिवस बायकोनं ते मडकं उचललं आणि बांधापलीकडे नेऊन आपटलं.

आई ओरडली, "अगो, औषद हाय ते!"

"औषद असू दे नाय तर अमरूत," बायको म्हणाली. "टकल्या नवऱ्याशी मी संसार करीन. मेलेल्या मुशीशी नाय करायची."

मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच हसू येत नव्हतं. कारण चाई वाढत होती. कानामागचा रुपया पसरून तळहाताएवढा झाला, टाळूवर दुसरा उमटला, मग मिशीची उजवी बाजू विरळ होत होत गेली. डावी भुवई अर्धी उरली. आरशात बघितलं की पोरानं पाटीवर चित्र काढून अर्धं बोटानं पुसून टाकावं, तसा चेहरा दिसायचा. दाढी करताना मी आरसा भिंतीकडे वळवून ठेवायला लागलो. बोटांनी चाचपत दाढी करायचो. गालावर कुठं खरखरीत आणि कुठं गुळगुळीत लागायचं, त्याचीही शिसारी यायची.

कारखान्यात बातमी पोचायला वेळ लागला नाही. गोदामावर एक साहेब होता, मुंबईचा, इस्त्रीचे कपडे घालणारा. त्यानं मला लांबूनच थांबवलं. नाकाला रुमाल.

"काय रे, हे गजकर्ण आहे का?"

"नाही साहेब. चाई आहे."

"जे काय असेल ते. पसरतं ना? उद्यापासून कॅन्टीनमध्ये यायचं नाही. चहा बाहेर मिळेल. आणि टोपी काढायची नाही, कळलं?"

मी बाहेर पिंपांच्या रांगेपाशी बसून चहा प्यायला लागलो. माझा कप निराळा, दांडी तुटलेला. ज्या पोऱ्यांना पिंपं मोजायला मी शिकवलं ते माझ्या हातची यादी टोकाला चिमटीत धरून घ्यायचे. मी कुणाला दोष देत नाही म्हणणं सोपं आहे. मी देतो. अजून देतो.

मग या सगळ्यात माझे चुलते आले. वडिलांचे चुलतभाऊ, गावचे पुढारी. कारखान्यांसाठी सरकारनं गावोगावच्या जमिनी घेतल्या होत्या. आमचीही अर्धी शेती गेली होती. लोक चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं खरं होतं. चुलत्यांचा आवाज मोठा, सभेत बोलायची सवय, त्यामुळे गावानं त्यांना पुढं केलं. एका संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "पोरा, डोकं दाव."

मी टोपी काढली. त्यांनी कंदील जवळ घेतला. अंगठ्यानं दाबलं, नखानं खरवडलं, आणि मग खाली वाकून चक्क माझं डोकं हुंगलं. त्यांच्या मिशीचे केस माझ्या टाळूला लागले. अंगावर सरसरून काटा आला.

"हे त्या औषदांचं काम हाय," ते समाधानानं म्हणाले. "तू त्या पिंपांत बसतोस. त्याचा वारा लागला तुज्या डोक्याला."

"काका, माझ्याबरोबर पन्नास माणसं आहेत तिथं. त्यांना काही झालं नाही."

"होईल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती.

त्यानंतर ते माणसं घेऊन यायला लागले. शेजारच्या गावांतले पंच, ओळखीचे, बिनओळखीचे. मी कामावरून येऊन पाय धुतोय तोवर अंगणात चार जण उभे. "दाव रे यांना." मी दाखवायचो. कारण ते वडिलांच्या जागी होते आणि कारण गावाचं काम म्हणजे आपलं काम, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. प्रत्येक जण दाबून बघायचा, चुकचुकायचा आणि अंगठा पुसायचा. एका म्हाताऱ्यानं तर मिशीची उरलेली बाजू चिमटीत धरून ओढून बघितली, सुटते का म्हणून. सुटली. दोन-तीन केस त्याच्या बोटांत आले. ते त्यानं सगळ्यांना दाखवले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या दारी जाऊन ओकलो.

बायको सगळं बघत होती. त्या दिवशी ती माझ्यामागोमाग परसात आली, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चूळ भरा. आनि उद्या रजा टाका. मुंबईला मोट्या दवाखान्यात जाऊ."

"गावातल्या वैद्यांनी काय केलं ते बघितलंस ना?"

"ते केस उगवायला बघत व्हते. मना फक्त कळायला हवं, हे हाय काय."

मुंबईच्या त्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या रोगांचा वेगळा विभाग होता. बाकांवर आमच्यासारखेच लोक, कुणी हात झाकलेला, कुणी तोंड. डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी माझं डोकं धरलं आणि माझी मान आपोआप आखडली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. "मी बघतोय, दुखवत नाही," ते म्हणाले. मग भिंग घेऊन टकलाच्या कडेला उरलेले तोकडे केस बघितले. बायकोलाही दाखवले. टोकाशी जाड आणि मुळाशी बारीक होत गेलेले. मग त्यांनी माझी नखं मागितली. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ते मी तोवर बघितलेच नव्हते.

"चाईच आहे," ते म्हणाले. "कीड नाही, बुरशी नाही. उशीवरून, कंगव्यावरून, हातावरून कुणाला लागत नाही. तुम्ही कुठंही जेवा, कुणाशेजारीही झोपा."

"साहेब, मी रंगाच्या कारखान्यात आहे. त्यानं झालं असेल का?"

"डोक्यावर काही सांडलं होतं? भाजलं होतं? फोड आले होते?"

"नाही."

"मग नाही. रसायनानं केस गेले असते तर कातडी बोलली असती. ही कातडी चांगली आहे." त्यांनी चष्मा वर सरकवला. "अंगात बाहेरच्या रोगाशी लढणारी एक ताकद असते. घराला राखण असते तशी. ती कधीकधी घरच्याच माणसाला चोर समजून अंगावर धावून जाते. तुमच्या अंगानं तुमच्याच केसांच्या मुळांना परकं मानलंय. का मानलं, ते आम्हालाही अजून नीट माहीत नाही. पण मूळ मेलेलं नाही. दबून बसलंय."

"परत येतील?" बायकोनं विचारलं.

"येतील. बहुतेक आधी पांढरे येतील, मग रंग धरतील. आणि परत जातीलही कदाचित. मी तुम्हाला खोटं सांगत नाही."

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला कोड आहे? गळ्याला गाठ? कुणाला अशीच चाई?"

"नाही," मी ठामपणे म्हणालो. "आमच्या घराण्यात कुणाला कोड नाही."

"असलं तरी लाजायचं कारण नाही. ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, म्हणून विचारलं."

त्यांनी टाळूवरच्या जागेत बारीक सुईनं थोडं थोडं औषध टोचलं. ते औषध तेव्हा नवीन होतं. मुंग्या डसल्यासारखं वाटलं, पण त्या बोकडाच्या पित्तापुढे ती सुई मला स्वच्छ वाटली. काही आठवड्यांनी परत यायला सांगितलं. आणखी सांगितलं ते असं: घासायचं नाही, जाळायचं नाही, कुणी गुंजेचा लेप सांगेल तर तो विषारी असतो. ऊन टाळायला धुतलेली सुती टोपी घालायची. भुवई गेलीय, घाम आणि धूळ डोळ्यांत जाईल, ते पाण्यानं धुवायचे. शेवटी मला दारापर्यंत पोचवताना ते म्हणाले, "आणि डोकं सगळ्यांना दाखवत फिरू नका."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. किडा नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला नाही. मग मी सहज म्हणालो, "डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला कोड आहे का. मी सांगितलं, नाही."

आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. बहीण विहिरीवर गेली होती. आईनं दाराकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे बघितलं, आणि बायको उठून जायला लागली तशी म्हणाली, "बस गो. तू बी बघ."

तिनं कमरेवरचं लुगडं बाजूला केलं. पाठीच्या खालच्या अंगाला, लुगड्याच्या निऱ्यांत कायम झाकलेली, दुधासारखी पांढरी मोठी जागा होती. जगाच्या नकाशावर बेटं असतात तशी आणखी दोन-तीन बाजूला.

"लगनाच्या आदीपासून हाय," आई म्हणाली. "तुज्या बाबाला ठाव व्हतं. दुसऱ्या कोनाला नाय. कोनासंगं विहिरीवर न्हायले नाय मी कदी, बाळंतपनात सुईनीसमोर बी फडकं बांदून राह्यले."

"आये, सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुज्या बहिनीला कोन करील मग?" आणि एकदम तिचा आवाज फुटला. "मना वाटलं माजंच लागलं तुला. माज्या अंगातलं. म्हनून मी घासत व्हते रे. निघंल म्हनून घासत व्हते."

इतके दिवस माझ्या डोक्यावरची जी जागा ती सोलत होती, ती तिच्या स्वतःच्या पाठीवरची होती. बायको पुढं झाली, आईचं लुगडं तिनं नीट केलं आणि निवडायचं सूप स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. "डॉक्टर बोलले, लागत नाय," ती एवढंच म्हणाली.

माझी खरी पंचाईत तिथून सुरू झाली. कारण चुलत्यांनी एका सरकारी अधिकाऱ्याला गावात बोलावलं होतं आणि त्याच्यासमोर माझं डोकं उभं करायचं ठरवलं होतं. मी त्यांच्या घरी गेलो, त्यांना सांगितलं, "काका, मी मुंबईला दाखवून आलो. कारखान्याचं नाही हे."

"मग कशाचं हाय?"

हाच तो प्रश्न. अंगातलंच आहे म्हटलं तर अंगात आलं कुठून, हे गाव विचारणार. घराण्यात शोध सुरू होणार. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी टोपी सारखी केली.

चुलते हसले. "बग, तुला बी माहीत नाय. डाक्टर काय, शेठ लोकांचा मानूस. तू फक्त उबा राहा. बोलायचं मी बगतो."

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर साहेबानं स्वतःहून बोलावलं. नाकाला रुमाल नव्हता. खुर्ची दिली, मला, जो कॅन्टीनमध्ये चालत नव्हतो त्याला. चहा आला तोही चांगल्या कपात.

"ऐकलं तुमच्या गावात मीटिंग आहे," तो म्हणाला. "तू तिथं सांग ना, की कंपनीमुळे काही झालेलं नाही. तू डॉक्टरकडे जाऊन आलायस म्हणे. आणि असं सांग, की आमची कंपनी एकदम स्वच्छ आहे, पाणी स्वच्छ, हवा स्वच्छ. तुझं इथं पुढं चांगलं होईल."

"साहेब, मला कॅन्टीनमध्ये येता येईल का आता?"

तो जरा चाचरला. "अरे, ते होईल. मीटिंग होऊ दे."

मी तो चहा प्यालो नाही. खरं सांगायचं तर त्या चहाची मला त्या पित्ताहून जास्त किळस आली. पाणी स्वच्छ! कारखान्याचं पाणी कुठं जायचं ते मी रोज बघत होतो. भिंतीखालून एक नाला खाडीकडे निघायचा, एक दिवस लाल, एक दिवस निळा. त्याच्या तोंडाशी चिखलावर निवटे मासे उताणे पडलेले असायचे, पोटं फुगलेली. चिंबोऱ्या बिळातून बाहेर येऊन किनाऱ्यावरच मरायच्या. आमच्या बायका खाडीतली कोलंबी घेऊन बाजारात जायच्या आणि घासलेटाचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक परत फिरायचं. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खरा पुरावा खाडीच्या चिखलात सडत पडला होता आणि आमचे पुढारी माझं डोकं हुंगत बसले होते.

सभा देवळासमोरच्या पटांगणात झाली. सगळं गाव आलं होतं. अधिकाऱ्यासाठी खुर्ची-टेबल, टेबलावर फुलांचा हार. तो बिचारा घामानं भिजला होता आणि लवकर सुटायला बघत होता. चुलत्यांनी जमिनीबद्दल बोलायला सुरुवात केली, ते चांगलं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, "आनि आता साहेब, आमच्या पोरांचं या कारखान्यांनी काय केलंय ते बगा," आणि मला पुढं ओढून, मला काही कळायच्या आत, माझी टोपी काढून घेतली.

दुपारचं ऊन टकलावर पडलं. बायकांच्या बाजूनं "आई गं" असा आवाज आला. पुढं बसलेल्या एका पोरानं तोंड फिरवलं. अधिकारी खुर्चीत थोडा मागे सरकला आणि त्यानं हातातले कागद छातीशी धरले, ते मी बघितलं. चुलत्यांनी एका हातानं माझी मान धरून खाली वाकवली, बाजारात बैलाची वाकवतात तशी.

मी त्यांचा हात काढला. सरळ उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "ही चाई आहे. मी मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवली. ही कुणाला लागत नाही आणि ती कारखान्यामुळे झालेली नाही."

"मग कशानं झाली?" मागून कुणीतरी विचारलं.

माझी आई बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडावर घट्ट धरला होता.

"ते डॉक्टरांनाही माहीत नाही," मी म्हणालो. हे अर्धं खरं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. "पण साहेब, कारखान्यानं काय केलंय ते बघायचं असेल तर माझ्या डोक्यात बघू नका. चला माझ्याबरोबर खाडीवर. नाल्याचं तोंड दाखवतो. मेलेली मासळी दाखवतो. पाणी हातात घेऊन बघा, हाताला रंग लागतो."

दोन-तीन कोळणी उठून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "खरं बोलतोय तो. आमची कोलंबी कोन घेत नाय."

अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. "आज वेळ नाही. तुम्ही अर्ज द्या. मी वर कळवीन."

चुलते माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "किती घेतलंस रे कंपनीकडून?" ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि माझी टोपी त्यांनी मातीत टाकली.

बायकोनं ती उचलली, झटकली, पण मला दिली नाही. "धुवून देते," म्हणाली. मी उघड्या डोक्यानं घरी आलो. वाटेत कुणी बोललं नाही. एक गोष्ट मात्र झाली. त्या दिवसानंतर माझ्या डोक्याला हात लावायला कुणी आलं नाही. विकला गेलेला माणूस म्हणून असेल, पण सुटलो.

गोदामावरच्या साहेबाला सगळं कळलंच होतं. पहिलं वाक्य त्याला आवडलं होतं, दुसरं नाही. आठवडाभरात मला सांगितलं की गोदामाला आता दुसरा माणूस मिळालाय. मी डबा उचलला आणि निघालो. रस्त्यात थुंकलो, हे मला आठवतं. कारखान्यावर की सभेवर, ते माहीत नाही. दोन्हींवर असेल. कंपनीनं मला विकत घेतलं असं गाव म्हणत होतं आणि गावानं भडकवलं असं कंपनी म्हणत होती, आणि दोघांनाही खाडीकडे बघायचं नव्हतं. चुलत्यांच्या दोन भाच्यांना पुढं त्याच कारखान्यात कामं मिळाली. अर्ज दिला की नाही, मला कुणी सांगितलं नाही.

मला ठाण्याला एका लाकडाच्या वखारीत कारकुनी मिळाली. पगार कमी, पण मालक म्हातारा, त्याला माणसाच्या डोक्यापेक्षा लाकडाच्या मापात रस होता. दर खेपेला रजा काढून मी मुंबईला जात राहिलो. टाळूवर आधी लव आली, पांढरी, पिकल्या म्हाताऱ्यासारखी. बायको म्हणायची, "पुढून तरुन, मागून आजोबा." मग त्यांतले काही केस काळे झाले. मिशी आली, वाकडी का होईना. भुवई आली नाही. सुई टोचूनही एक जागा तशीच राहिली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी रागावलो नाही. गावात मात्र केस आले तसे लोक परत बोलायला लागले. ज्यांनी अंगठा धोतराला पुसला होता ते घरी येऊन पान खाऊ लागले. केस येण्याचा आणि माझ्या चांगुलपणाचा त्यांनी काय संबंध जोडला, देव जाणे. मला त्यांची भीती कधी वाटली नव्हती. किळस वाटायची, आणि ती केसांबरोबर गेली नाही.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आईनं एक धाडस केलं. बोलणी पक्की व्हायच्या आधी ती मुलाच्या आईला घेऊन परसात गेली आणि तिला आपली पाठ दाखवली. मला नंतर कळलं. मी विचारलं, "आये, एवढी वर्षं झाकलंस, आणि आता?"

"माज्या पोरीला उद्या काय झालं, तर तिला घासायला नको कोनी," आई म्हणाली.

मुलाची आई पानसुपारी घेऊन गेली. तीन आठवडे निरोप नव्हता, आणि त्या तीन आठवड्यांत आई जेवायची नाही धड. मग निरोप आला. होकार होता, पण हुंड्याचं तोंड थोडं मोठं झालं होतं. आम्ही ते मान्य केलं. बहिणीला हे कळलं तेव्हा ती मंडपातून उठायला निघाली होती. बायकोनं तिला धरून बसवलं. लग्नात माझे चुलतेही आले होते, जेवले, मानाचं पागोटं घेऊन गेले.

साठचं दशक सरताना, आमचा पोरगा वर्षाचा असताना, मला परत चाई आली. या वेळी हनुवटीवर, दाढीत, नाण्याएवढी. वखारीत जेवणाच्या सुट्टीत बोट फिरवताना कळली. आत काय चाललंय ते आता मला ठाऊक होतं. घरी येऊन बायकोला दाखवली. तिनं उजेडाला धरून नीट बघितली, कडेचे तोकडे केस डॉक्टरांनी दाखवले होते तसे शोधले.

"हाय," ती म्हणाली. "शनवारी रजा काडा. आईला सांगू?"

"सांग."

आई तिच्या खोलीतून आली, चष्मा लावून बघितलं. तिचा हात नकळत वर आला आणि मधेच थांबला. मग तिनं तो खाली घेतला आणि पोराला झोळीत टाकायला निघून गेली.